बारा तासांचे पथ्य

खांडव्याहून भुसावळकडे येणारी गाडी बऱ्हाणपूरला थांबते, तेव्हा प्रवासी ज्या वस्तीत उतरतो ती लालबाग. मूळ शहर तेथून काही अंतरावर, तापीच्या काठी आहे. या स्थानकावर क्षणभर विसावणाऱ्या एंजिनाचा चालक पूर्वी ड्रायव्हर म्हणून ओळखला जाई. आता रेल्वेच्या दप्तरी त्याला ‘लोको पायलट’ म्हणतात. पायलट हा शब्द अशा रीतीने आकाशातून रुळांवर उतरला आहे आणि त्याच्याबरोबर एक शिस्तही उतरली आहे. कामावर हजर होताना या चालकाला एका लहानशा यंत्रात फुंकर मारावी लागते. श्वासात मद्याचा अंश निघाला, तर गाडी त्याच्या हाती दिली जात नाही. विमानाच्या वैमानिकालाही हीच परीक्षा द्यावी लागते. ती आवश्यक का ठरली, हे समजण्यासाठी प्रथम बऱ्हाणपूरचाच एक जुना प्रसंग आठवणे उपयोगी होईल.

अकबर बादशहाचा धाकटा पुत्र शाहजादा दानियाल दक्षिणेच्या कारभारावर बऱ्हाणपुरास होता. मद्याने त्याला पुरते ग्रासले होते. बापाचे हुकूम सुटले, शपथा झाल्या. अखेर शाहजाद्याचा सासरा अब्दुर्रहीम खानखानान याच्या देखरेखीखाली मद्य बंद करण्यात आले आणि दारांवर पहारे बसले. तेव्हा दानियालने आपल्या विश्वासू सेवकांची मनधरणी केली. शिकारीच्या एका आवडत्या बंदुकीचे नाव त्याने जनाज्यावरून ठेवले होते. त्याच बंदुकीच्या नळीत जहाल मद्य भरून एका सेवकाने ते आत पोचविले. नळीतील गंज आणि दारूगोळ्याची काजळी त्यात उतरली होती. ते पिऊन शाहजादा अंथरुणाला खिळला आणि १६०५ साली मरण पावला. ही हकीकत त्याचा भाऊ जहांगीर याने आपल्या आत्मवृत्तात नमूद केली आहे. पुढे १६२६ साली याच शहरात जहांगीराचा पुत्र परवेझ हाही मद्यापायीच गेला.

या गोष्टीतील खरा बोध मद्य वाईट असते, एवढाच नाही. मनुष्य व्यसनाच्या आहारी गेला म्हणजे हुकूम आणि पहारे यांना तो दाद देत नाही, आणि त्याच्या भोवतीची प्रेमाची माणसेच त्याला मद्य पोचवितात अथवा त्याचे दोष झाकतात, हा तो बोध होय. दानियालच्या सेवकाला आपल्या धन्याचा घात करावयाचा नव्हता; त्याला नाही म्हणवले नाही. विमानाच्या इतिहासातील काही अत्यंत दुःखद अपघातांमध्ये नेमके हेच घडलेले दिसते.

१३ जानेवारी १९७७ रोजी अलास्कातील अँकरेज येथून जपान एअर लाइन्सचे एक मालवाहू विमान जिवंत गुरे घेऊन तोक्योकडे निघाले. विमानाच्या पंखांवर बर्फ धरला होता. उड्डाण होताच विमानाचा तोल गेला आणि ते कोसळले. विमानातील पाचही माणसे मृत्युमुखी पडली. कप्तानाच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे सुमारे ३०० मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. एवढ्या मद्याने सामान्य मनुष्याला नीट उभेही राहवत नाही. चौकशीत उघडकीस आलेली दुसरी गोष्ट याहूनही अस्वस्थ करणारी होती. वैमानिकांना विमानतळावर पोचविणाऱ्या टॅक्सीवाल्याला कप्तानाचा तांबरलेला चेहरा आणि अडखळती हालचाल पाहून शंका आली होती. त्याने ती आपल्या कचेरीला कळविली होती, आणि तेथून विमानतळावरील मंडळींपर्यंत दूरध्वनीही गेला होता. तरीही विमान उडाले. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनी कप्तानाला अडविले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताच्या कारणांमध्ये कप्तानाच्या मद्यपानाबरोबरच सहकाऱ्यांच्या या मौनाचीही स्पष्ट शब्दांत नोंद केली. परक्या टॅक्सीवाल्याला जे दिसले, ते शेजारच्या आसनावरील माणसाला दिसले नसेल असे मानणे कठीण आहे. दिसले असेलही, पण वरिष्ठाला ‘आपण आज विमान चालवू नका’ असे सांगण्याचे धैर्य कोणालाही झाले नाही.

त्यापूर्वी १६ वर्षे, ३ जानेवारी १९६१ रोजी, फिनलंडमध्ये असाच अपघात झाला होता. वासा शहराकडे निघालेले एक डीसी-३ विमान रानात कोसळून त्यातील सर्व २५ माणसे ठार झाली. त्या देशातील तो आजवरचा सर्वांत भीषण विमान अपघात होय. दोन्ही वैमानिकांनी आदल्या रात्री उशिरापर्यंत मद्यपान केले होते आणि उड्डाण भल्या पहाटे होते. मृत्यूच्या वेळी एकाच्या रक्तात शंभर मिलिलिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि दुसऱ्याच्या सुमारे १५६ मिलिग्रॅम मद्यार्क होता. येथे तर एकाने दुसऱ्याला सावरावे अशी सोयच उरली नव्हती. विमानात दोन वैमानिक ठेवण्यामागचा हेतूच त्या रात्री विफल झाला.

या ठिकाणी एक प्रश्न साहजिक उभा राहतो. आदल्या रात्रीचे मद्य सकाळपर्यंत उतरत कसे नाही? याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. पोटात गेलेला मद्यार्क रक्तात वेगाने मिसळतो. पण त्याचे विघटन करण्याचे काम बहुतांशी एकट्या यकृताला करावे लागते, आणि यकृत हे काम आपल्याच संथ गतीने करते. सर्वसाधारण माणसाच्या रक्तातील मद्यार्क तासाला शंभर मिलिलिटरमागे सुमारे १५ मिलिग्रॅम या प्रमाणात कमी होतो. मध्यरात्री हे प्रमाण १५० असेल, तर ते शून्यावर येण्यास सकाळचे १० वाजतात. मध्यरात्री ते २०० असेल, तर दुपारचा १ वाजून जातो. कडक कॉफी, लिंबाचे सरबत, गार पाण्याची आंघोळ यांनी डोळे उघडल्यासारखे वाटतात. यकृताचा वेग मात्र तिळमात्र वाढत नाही. झोपेचेही तेच. झोपलेल्या माणसाला आपण ताजेतवाने होऊन उठलो असे वाटते, आणि रक्त मात्र रात्रीचा हिशेब अजून फेडीत असते.

मद्याचा पहिला घाला माणसाच्या हातापायांवर पडत नाही. तो विवेकावर पडतो. आपण काम करण्यास योग्य आहोत की नाही, हे ज्या बुद्धीने ठरवावयाचे तीच बुद्धी प्रथम मंदावते. म्हणूनच मद्य घेतलेला मनुष्य ‘मला काही झालेले नाही’ असे अगदी मनापासून सांगतो. तो नेहमीच खोटे बोलत असतो असे नाही. त्याचे मापच बिघडलेले असते. बिघडलेल्या तराजूने त्याच तराजूची तपासणी करता येत नाही. श्वास मोजणाऱ्या यंत्राची गरज येथे निर्माण होते.

वैमानिकाच्या बाबतीत आणखी एक संकट असते, आणि ते कानाच्या आत दडलेले आहे. प्रत्येक कानाच्या अंतर्भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की नलिका वळते. आतील द्रव किंचित मागे राहतो आणि त्याच्या रेट्याने एक नाजूक पडदा वाकतो. त्यावरून मेंदूला शरीराच्या फिरण्याची जाणीव होते. हा पडदा आणि तो द्रव यांची घनता निरोगी अवस्थेत सारखी असते. मद्यार्क पाण्याहून हलका असतो आणि रक्तातून तो आधी पडद्यात शिरतो. त्यामुळे पडदा द्रवापेक्षा हलका होऊन तरंगू लागतो. आडवे पडल्यावर खोली गरगर फिरल्याचा भास होतो, तो यामुळेच. पुढे पडद्यातील मद्यार्क आधी निघून जातो आणि द्रवातील मागे राहतो, तेव्हा हाच खेळ उलट दिशेने सुरू होतो. रक्तातील मद्यार्क नाहीसा झाल्यावरही हा दोष काही तास टिकतो. जमिनीवर चालणाऱ्याला डोळ्यांपुढील भिंत आणि पायांखालील भूमी सावरून घेतात. काळोख्या रात्री ढगांतून जाणाऱ्या वैमानिकापुढे भिंत नसते आणि भूमीही नसते. त्याला आपली संवेदना खोटी मानून केवळ यंत्रावर विश्वास ठेवावा लागतो.

निरोगी आणि शुद्धीवर असलेल्या माणसालाही हे किती कठीण जाते, याचा दुःखद अनुभव मुंबईकरांना १ जानेवारी १९७८ रोजी आला. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग विमान सांताक्रूझहून दुबईकडे निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. त्यातील सर्व २१३ माणसे प्राणास मुकली. पुढे पसरलेला काळोखा समुद्र, क्षितिजाचा मागमूस नाही, आणि विमानाची कलती अवस्था दाखविणारे यंत्र चुकीचे दर्शन घडवीत असलेले. अशा स्थितीत दिशेचे भान हरपले. हा अपघात येथे मद्यपानाचे उदाहरण म्हणून सांगितलेला नाही. अशा प्रसंगी जीवन आणि मृत्यू यांत किती थोड्या क्षणांचे अंतर असते, ते ध्यानी यावे एवढाच हेतू. या थोड्या क्षणांत मद्याने मंदावलेल्या मेंदूची भर पडली म्हणजे काय होते, ते १४ सप्टेंबर २००८ रोजी रशियातील पर्म शहराजवळ दिसले. रात्री ढगांतून उतरणारे एरोफ्लोटचे बोइंग विमान कोसळून ८८ जणांचा अंत झाला. वैमानिकांना विमानाच्या स्थितीचे भान राहिले नव्हते, हे चौकशीत निष्पन्न झाले. कप्तानाच्या शरीरात मद्यार्क असल्याचेही न्यायवैद्यक तपासणीत आढळले.

तथापि, असे भीषण अपघात हे संख्येने थोडे आहेत, हेही सांगितले पाहिजे. प्रवासी विमानकंपन्यांच्या वैमानिकांमध्ये मद्यामुळे घडलेले प्राणघातक अपघात बोटांवर मोजण्याइतके आहेत. खाजगी, लहान विमानांची कथा वेगळी आहे. अमेरिकेत १९६३ सालच्या अशा प्राणघातक अपघातांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश मृत वैमानिकांच्या शरीरात मद्यार्क सापडला. त्या आकड्याने साऱ्यांचे डोळे उघडले. नियम कडक झाले, प्रचार झाला, आणि पुढील दशकांत हे प्रमाण पुष्कळच खाली आले. पण मद्य मागे हटत असताना एका दुसऱ्या पाहुण्याने विमानात प्रवेश केला. तो पाहुणा म्हणजे औषधाची गोळी.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९० ते २०१२ या काळात अपघातांत मरण पावलेल्या ६,६७७ वैमानिकांच्या तपासण्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेक सर्व खाजगी विमाने चालविणारे होते. आरंभी दहांपैकी एकाच्या शरीरात कोणते तरी औषध सापडत होते. अखेरीस हे प्रमाण दहांपैकी चारांवर गेले. अखेरच्या पाच वर्षांत तर पाचांपैकी एकाहून अधिक वैमानिकांच्या शरीरात कार्यक्षमता बिघडविण्याचा संभव असलेले औषध होते. गांजासारख्या बेकायदेशीर पदार्थांचे प्रमाण त्या मानाने फारच थोडे होते, आणि विमानकंपन्यांच्या मृत वैमानिकांत अशा पदार्थाचा ताजा वापर एकाही ठिकाणी आढळला नाही. मग सर्वांत अधिक वेळा आढळलेले, झापड आणणारे औषध कोणते? ते होते डायफेनहायड्रामिन. सर्दी, शिंका, खोकला, अंगाची खाज यांवर ते घेतले जाते, आणि निद्रा येत नाही म्हणूनही घेतले जाते. ते घराघरांतील औषधांच्या डब्यात असते.

येथे लोकसमजुतीला धक्का देणारी एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या नियमानुसार मद्य घेतल्यावर किमान ८ तास विमान चालविता येत नाही. परंतु डायफेनहायड्रामिनची मात्रा घेतल्यावर मात्र ६० तास थांबण्याची सूचना तेथील विमान वाहतूक खात्याने दिली आहे. खोकल्याचे औषध हे मद्यासारखे बदनाम नाही. ते आई मुलाला देते, डॉक्टर रोग्याला देतो. त्याच्या वाटेला लाज आलेली नाही. नेमके म्हणूनच ते अधिक फसवे ठरते. मद्य घेतलेला वैमानिक निदान ते लपविण्याचा प्रयत्न करतो. गोळी घेतलेल्याला आपल्याजवळ लपविण्यासारखे काही आहे, हेच ठाऊक नसते.

मृताच्या शरीरातील या खुणा वाचणे हे मोठे जोखमीचे काम आहे. मृत्यूनंतर शरीर कुजू लागले म्हणजे जंतू स्वतःच मद्यार्क तयार करतात. ज्याने आयुष्यात मद्याला स्पर्श केला नाही, अशा माणसाच्या ऊतींतही तो सापडू शकतो. म्हणून तज्ज्ञ केवळ रक्तावर विसंबत नाहीत. डोळ्याच्या आतील जेलीसारखा द्रव जंतूंपासून अधिक काळ सुरक्षित राहतो. तो आणि मूत्र यांची रक्ताशी तुलना करून मद्य जिवंतपणी घेतले होते की ते मृत्यूनंतर निर्माण झाले, याचा निर्णय केला जातो. औषधांची गोष्ट याहूनही गुंतागुंतीची आहे. काही पदार्थांचे अवशेष, त्यांचा परिणाम ओसरल्यावर कित्येक दिवस शरीरात राहतात. शिवाय औषध ज्या आजारासाठी घेतले, तो आजारच कधी कधी अपघाताला अधिक जबाबदार असतो. म्हणून ‘शरीरात औषध सापडले’ आणि ‘औषधामुळे अपघात झाला’ या दोन विधानांमध्ये मोठे अंतर आहे. जो स्वतःची बाजू मांडण्यास उरलेला नाही, त्याच्याविषयी बोलताना हे अंतर विसरणे म्हणजे अन्याय होय.

भारतातील नियम अमेरिकेपेक्षा कडक आहेत. येथे उड्डाणापूर्वी १२ तास मद्य वर्ज्य आहे. एवढे तास पाळूनही उपयोग नाही; श्वासात मद्यार्काचा अंश शून्य असावा लागतो. वर केलेला हिशेब पाहिला म्हणजे या दोन्ही अटी का हव्यात ते कळते. फार मद्य घेतलेल्याला १२ तासही पुरत नाहीत. २०२३ साली सुधारलेल्या नियमांनी मद्यार्क असलेली चूळ भरण्याची औषधेसुद्धा वैमानिकांना वर्ज्य केली. श्वासपरीक्षेत पहिल्यांदा दोषी ठरल्यास परवाना ३ महिन्यांसाठी, दुसऱ्यांदा ३ वर्षांसाठी निलंबित होतो आणि तिसऱ्यांदा तो कायमचा रद्द होतो. ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यापैकी दरवर्षी किमान १० टक्के लोकांची अमली पदार्थांसाठी अचानक तपासणी करण्याची पद्धतही सुरू झाली. गांजा, अफूजन्य पदार्थ, कोकेन, तसेच झोपेच्या व उत्तेजक गोळ्यांचे काही वर्ग तिच्या कक्षेत येतात. पहिल्यांदा दोषी आढळलेल्याला कामावरून दूर करून व्यसनमुक्तीच्या उपचारांकडे पाठविले जाते.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. केवळ शिक्षेच्या भयाने व्यसन सुटते असे नाही. पुष्कळदा ते अधिक खोल लपते. दानियालच्या दारावर पहारे बसले तेव्हाच मद्याने बंदुकीची नळी शोधली. हे ओळखून अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात वैमानिकांच्या संघटना, विमानकंपन्या आणि सरकारी वैद्यक यांनी मिळून एक व्यवस्था उभी केली. व्यसनाधीन वैमानिकाला सहकाऱ्यांनी पुढे होऊन उपचारांकडे न्यावे, उपचारांनंतर दीर्घकाळ त्याच्यावर वैद्यकीय देखरेख ठेवावी, आणि तो खरोखर बरा झाला असेल तर त्याला त्याचे काम परत द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. मार्च १९९० मध्ये अमेरिकेतील एका प्रवासी विमानाचे तिन्ही वैमानिक मद्याच्या अमलाखाली विमान चालविल्याबद्दल पकडले गेले. विमान सुखरूप उतरले होते. तरीही तिघांना तुरुंगवास झाला. त्यांतील कप्तानाने मद्य कायमचे सोडले, तुरुंगातून सुटल्यावर सर्व परवाने पहिल्या पायरीपासून पुन्हा मिळविले आणि अखेर तो त्याच कंपनीचा कप्तान म्हणून सन्मानाने निवृत्त झाला. न्यायाने त्याला शिक्षा केली आणि समाजाने त्याला परतीची वाट मोकळी ठेवली. या दोन्ही गोष्टी एकमेकींना मारक नाहीत, हे त्याच्या आयुष्याने दाखवून दिले.

लालबागच्या फलाटावर गाडीची वाट पाहत उभा असलेला प्रवासी एंजिनातल्या माणसाचा चेहराही पाहत नाही. विमानाच्या प्रवाशाला तर बंद दारामागचा वैमानिक दिसतच नाही. ज्याला आपण पाहिलेले नाही, त्याच्या हाती आपण आपली मुलेबाळे विश्वासाने सोपवितो. हा विश्वास यंत्रातील एका फुंकरीवर उभा आहे, सर्दीची गोळी घेण्यापूर्वी वैद्याला विचारणाऱ्या सावधपणावर उभा आहे. आणि सर्वांत अधिक, तो शेजारच्या आसनावरील सहकाऱ्याच्या एका वाक्यावर उभा आहे. ‘आज आपण विश्रांती घ्या’ हे ते वाक्य. दानियालच्या सेवकाला ते उच्चारता आले नाही आणि अँकरेजच्या त्या सकाळीही ते कोणाच्या ओठांवर आले नाही. ज्या घरात, ज्या कारखान्यात, ज्या वाहनात ते वेळीच उच्चारले जाते, तेथील माणसे संध्याकाळी सुखरूप घरी परततात. बारा तासांचे पथ्य वैमानिकाने पाळावयाचे असते. ते पाळले जाते की नाही याची काळजी वाहणे हे मात्र त्याच्या भोवतीच्या सर्वांचे काम आहे.